खानदेशची उघडी प्रयोगशाळा

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास सुरू केली आणि पुढे ती महाराष्ट्रात गावोगाव रुजली. खानदेशात मात्र वसंताचे नाव काढताच अंगाला घाम फुटतो. येथे फाल्गुनात पळस पेटतो, चैत्रात निंबाला बारीक पांढरा फुलोरा येतो, आणि वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जाऊन बसतो. हे सारे आमच्या मुलांच्या डोळ्यांदेखत घडते. परंतु त्यांच्या विज्ञानाच्या वहीत त्यांतले काहीच उतरत नाही. वहीत फुलाच्या भागांची आकृती असते आणि ते फूल बहुधा जास्वंदीचे असते. शाळेच्या कुंपणाशी फुललेला पळस त्या आकृतीशी ताडून पाहावा, हे मुलाला सुचत नाही. कारण तसे पाहणे हा अभ्यासाचा भाग आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

हा प्रश्न आम्हांस सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांविषयी विशेषेकरून मांडावयाचा आहे. गेली कित्येक वर्षे आपल्या पाठ्यपुस्तकांची योजना अशी आहे की तिसरीपासून पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ आणि सहावीपासून ‘सामान्य विज्ञान’. नावातला हा बदल पुस्तककर्त्यांनी वाईट हेतूने केला असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्याचा परिणाम असा होतो की नेमके ज्या वयात मूल सायकलवरून गावाबाहेर जाऊ शकते, मोजू शकते, टिपून ठेवू शकते आणि ‘असे का?’ म्हणून विचारू शकते, त्याच वयात शाळेच्या दृष्टीने परिसर संपतो आणि विज्ञान सुरू होते. जणू काही ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत!

त्या वेगळ्या नाहीत, हे पटविण्यासाठी शिक्षणशास्त्रातले दाखले देता येतील. पण आम्ही आज इतिहासाची साक्ष काढणार आहोत, आणि तीही आपल्याच खानदेशची. ह्या मुलखात शास्त्र जेव्हा जेव्हा पुढे सरकले, तेव्हा ते कोणीतरी उघड्यावर जाऊन डोळ्यांनी पाहिले म्हणून सरकले. आणि जेव्हा ते केवळ कागदावर विसंबले, तेव्हा ते फसले. हे विधान मोठे आहे याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून एकेक दाखला क्रमाने पाहू.

पहिला दाखला चाळीसगाव तालुक्यातील पाटण्याचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत, आज जेथे गौताळा अभयारण्य आहे त्याच रानात, पाटणादेवीचे ठाणे आहे. येथील देवळात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचून १८६५ साली विद्वानांपुढे मांडला. लेखाचा काळ इ. स. १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठास दान दिले, असे तो लेख सांगतो. भास्कराचार्यांच्या जन्मग्रामाविषयी विद्वानांत वाद आहेत. त्यांत आम्ही पडत नाही. आमच्या कामापुरती गोष्ट एवढीच की आठशे वर्षांपूर्वी गणित व ज्योतिष शिकविणारी एक संस्था खानदेशात होती आणि ती डोंगर, झरे व रान यांच्या मध्यभागी होती.

त्या मठात जे ग्रंथ शिकविले जात असतील त्यांत ‘लीलावती’ निश्चित असणार. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. त्याचा गणिताचा भाग म्हणजे लीलावती. तिच्यातील उदाहरणे पाहावीत. भुंग्यांचा एक थवा निरनिराळ्या फुलांवर वाटला जातो, काही कदंबावर, काही कुटजावर, आणि एक भुंगा हवेतच घोटाळत राहतो. तर थव्यात भुंगे किती? उत्तर पंधरा. बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. खांबावर बसलेला मोर, खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे धावणारा साप, मानससरोवराकडे उडालेले हंस, एका झाडावरून उडी घेणारे माकड, असा त्या ग्रंथात सगळा परिवार आहे. भास्कराचार्यांनी रानात बसून भुंगे मोजले असे कोणी समजू नये. ती काव्यमय रचना आहे. परंतु अशी उदाहरणे घालणाऱ्या गुरूने एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आपल्या शिष्याने मोडलेला वेळू पाहिलेला आहे, आणि कुटजाचे फूल त्याला ठाऊक आहे. कुटज म्हणजे आपला कुडा. तो सातपुड्यात आजही फुलतो. आमच्या आठवीच्या वर्गात ‘कुडा पाहिला आहे का?’ असे विचारले तर किती हात वर होतील?

ह्यांतलेच एक उदाहरण कमळाचे आहे. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात उभी आहे. वाऱ्याने ती कलली आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? काटकोन त्रिकोणाचा नियम लावला की उत्तर येते पावणेचार हात. आता आपल्या एरंडोल तालुक्यात पद्मालय नावाचे गणपतीचे स्थान आहे आणि त्याच्या नावातच कमळांचे घर आहे. तेथील तळे कमळांसाठी प्रसिद्ध आहे. एरंडोलच्या आणि जळगावच्या शाळांच्या सहली तेथे जातात, मुले दर्शन घेतात, डबे खातात आणि परत येतात. तळ्याच्या काठी उभे राहून हे एक उदाहरण फळ्याविना सोडवून घ्यावे, असे किती शिक्षकांच्या मनात येते? पायथागोरसाचा सिद्धांत मुले पाठ करतात. तो पाण्यावर डुलताना त्यांना दाखविता येतो, आणि तोही जाता जाता.

भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याया’त यंत्रांचे एक प्रकरण लिहिले आहे. त्यात घटिका, चक्र, शंकू इत्यादी यंत्रांचे वर्णन करून त्यांनी सर्वांत श्रेष्ठ मान दिला तो ‘धीयंत्रा’ला, म्हणजे बुद्धीला. हाती एक साधी काठी, समोर मोकळी जागा आणि डोळ्यामागे बुद्धी असली की वेळूची उंची व अंतर मोजता येते, हा त्यातील आशय. ज्यांच्या शाळेला प्रयोगशाळा नाही त्यांनी हे ध्यानात धरावे. शंकू म्हणजे तरी काय? सपाट जमिनीत सरळ रोवलेली काठी. जुन्या ज्योतिषात तिची उंची बारा अंगुळे धरीत. विषुवदिनी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत दिवस-रात्र समान असतात तेव्हा, भर माध्यान्ही ह्या शंकूची जी सावली पडते तिला पलभा म्हणत. जळगाव उत्तर अक्षांश एकविसावर असल्यामुळे येथे ती साडेचार अंगुळांहून किंचित अधिक भरते. म्हणजे काठी रोवून आणि सावली मोजून आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठे उभे आहोत हे सहावीतील मुलाला काढता येते. शिवाय खानदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि शंकूची सावली क्षणभर नाहीशी होते. एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि एकदा जुलैच्या मध्यानंतर. दुसऱ्या वेळी बहुधा ढग आडवे येतात. पण पहिल्या वेळी अंगणात काठी उभी करण्यास सुट्टीतल्या मुलाला कोणाचीही परवानगी लागत नाही.

दुसरा दाखला पाण्याचा. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धती शेकडो वर्षे चालत आली. नदीला बंधारा घालून पाणी पाटात वळवावयाचे, पाट उताराने शेतांवर न्यावयाचा, गावच्या भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, अशी ती व्यवस्था. पाणी सोडणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, आणि हिशेब गावपंचांकडे. ह्या व्यवस्थेत पंप नाही, इंजिन नाही. सारे काम उताराच्या जोरावर चालते. उतार हाताच्या अंदाजाने धरणारे ते लोक लिहिणारे-वाचणारे होतेच असे नाही. पण पाणी कोठे धावेल आणि कोठे रेंगाळेल हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काठावर उभे राहून पाहिलेले होते.

ह्याच पांझरेच्या काठी १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकतेच लागलेले एक तरुण इंजिनिअर आले. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. साक्री तालुक्यातील दातर्तीजवळ पाटाचे पाणी नदीच्या पात्राखालून नळाने पलीकडे न्यावयाचे, हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक काम होते. पावसाळ्याचा पूर, खडकाळ तळ आणि वाहून येणारी वाळू यांच्याशी त्यांना तेथे झगडावे लागले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते परीक्षेत पहिले आले होते. पण नदी म्हणजे काय हे त्यांना पांझरेने शिकविले, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे ठरणार नाही. ‘द्रव आपली पातळी शोधतो’ हे वाक्य मुले आजही पाठ करतात. धुळ्याच्या मुलांना ते नदीकाठी नेऊन दाखविता येते. मग ते त्यांना फळ्यावरच का दाखवावे?

आता तिसरा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा दाखला. तो एका लहानशा घुबडाचा आहे.

पिंगळा आपणां सर्वांना माहीत आहे. वडाच्या ढोलीतून संध्याकाळी डोके बाहेर काढून चिर्र चिर्र करणारा, अंगावर पांढरे ठिपके असलेला हा पक्षी गावातच राहतो. त्याचा एक भाऊबंद रानात राहतो, तो रानपिंगळा. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती तपकिरी पट्ट्याने भरलेली असते, पोट पांढरे असते, आणि मुख्य म्हणजे तो दिवसा उजेडी हिंडतो व शिकार करतो. १८७२ साली ब्लेविट नावाच्या गृहस्थाने छत्तीसगडच्या भागात ह्याचा पहिला नमुना मिळविला, आणि दुसऱ्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच ह्यूम. ते पक्षिशास्त्राचे ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक चालवीत. त्यातच पुढे जेम्स डेव्हिडसन ह्या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी छापली. डेव्हिडसन तळोदे-शहाद्याकडील सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात कामानिमित्त हिंडत असे, आणि रानपिंगळ्याचे जे मोजके सात नमुने जगातील संग्रहालयांत जमा झाले त्यांपैकी बरेच त्याने तेथून मिळविलेले होते. त्यांतला शेवटचा १८८४ चा.

त्यानंतर हा पक्षी कोणाला दिसला नाही. वर्षांमागून वर्षे गेली आणि तो नष्ट झाला असावा असे पक्षिशास्त्रज्ञ म्हणू लागले. एकच आधार उरला होता. रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या प्रसिद्ध इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता. १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीस तो मारला, अशी चिठ्ठी त्यावर होती. लोकांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून तेथे शोध केला. काही हाती लागले नाही. पुढे १९९० नंतरच्या दशकात पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कातडे बारकाईने तपासले. आतला भराव बदललेला होता, पण मूळची शिवण व भरण्याची पद्धत डेव्हिडसनची होती. माइनर्टझहागेनने तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती! एका खोट्या चिठ्ठीने शास्त्राला कित्येक वर्षे चुकीच्या रानात पाठविले.

मग रासमुसेनबाईंनी काय केले? त्यांनी खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे काढली आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट ह्या दोघांसह त्या स्वतः हिंदुस्थानात आल्या. पूर्वेकडील ठिकाणी त्यांना यश आले नाही. शेवटी ते तिघे शहाद्यास आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. त्या वेळी शहादे धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी निराळा झाला. एकशे तेरा वर्षे ‘नष्ट’ असलेला पक्षी डेव्हिडसनने ज्या मुलखात पाहिला होता त्याच मुलखात, भर दिवसा, उघड्या फांदीवर बसलेला होता. पुढे तो तोरणमाळकडे, जळगाव जिल्ह्यातील यावलच्या अभयारण्यात, मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईच्या उत्तरेस तानसा येथेही आढळला. आज त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते, कारण त्याचे रान कमी होत आहे.

ह्या हकिकतीवरून आम्ही दोन निष्कर्ष काढतो. एक असा की कागद, चिठ्ठी, पुस्तक ही निरीक्षणाची टिपणे आहेत. ती खरी असतील तर अमोल आहेत, आणि ती खरी की खोटी हे पुन्हा रानात गेल्यावाचून कळत नाही. दुसरा निष्कर्ष आम्हांस अधिक बोचतो. त्या एकशे तेरा वर्षांत शहाद्यात, तळोद्यात, धुळ्यात शाळा होत्या. विज्ञान शिकविले जात होते. घुबड निशाचर असते हे वाक्य हजारो मुलांनी पाठ केले. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा पाड्यांवरील मुलांनी दिवसा हिंडणारे हे घुबड कितीदा तरी पाहिले असेल. पण आपण पाहिले ते सांगण्यासारखे आहे आणि ते वर्गात सांगितले तर गुरुजी ऐकतील, असे त्यांना वाटावे अशी आमची शाळा नव्हती. त्या मुलाने हात वर करून ‘गुरुजी, आमच्या रानातले घुबड दिवसा हिंडते’ म्हटले असते, तर बहुधा त्याचे उत्तर चूक ठरले असते. ही आमच्या शिक्षणातली खरी हानी आहे. एक पक्षी सापडला, पण अशी किती मुले गप्प बसली त्यांची यादी कोणत्याही संग्रहालयात नाही.

ह्या बाबतीत महाराष्ट्राला दुसरी वाट अपरिचित आहे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ पासून ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला नाव पडले कुरणशाळा. गुरे चरत आहेत, मुले राखण करीत आहेत, आणि तेथेच पाने, बिया, दगड यांवरून मोजणे-लिहिणे चालले आहे, असे ते दृश्य होते. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरविले, ते सर्वश्रुत आहे. कुरणशाळेची योग्यता आम्हांस त्याहून कमी वाटत नाही, कारण तिने मुलाच्या ठायी आधीच असलेल्या ज्ञानाला मान दिला.

लहान वयातल्या एका पाहण्याने आयुष्याला दिशा कशी मिळते, ह्याचा दाखला सालिम अलींच्या चरित्रात आहे. दहा-अकरा वर्षांच्या ह्या मुलाने मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी हे घरी कोणाला सांगता येईना. म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील चिटणीस मिलर्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. पक्ष्याचे नाव सांगितले आणि कपाटे उघडून संग्रह दाखविला. सालिम अली हे त्या वेळी आजच्या आमच्या सहावीतल्या मुलाएवढे होते. त्यांना पक्षितज्ज्ञ बनविण्यात त्या पिवळ्या डागाइतकाच मिलर्डसाहेबांच्या त्या अर्ध्या तासाचाही वाटा आहे. आज बंदूक नको, आणि कायद्याने ती चालतही नाही. दोन डोळे आणि एक वही पुरेशी आहे. पण अर्धा तास देणारा मोठा माणूस मात्र पूर्वीइतकाच आवश्यक आहे.

ह्याच सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीम येथे सुगरण पक्ष्याची घरटी दिवसेंदिवस बसून पाहिली. आपण ह्या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणतो. शब्द स्त्रीलिंगी, आणि मनात येते ती पिलांसाठी घर विणणारी आई. आसोद्याच्या मातीत वाढलेल्या बहिणाबाई चौधरींनी, अक्षरओळख नसताना, ह्याच खोप्यावर जी कविता रचली ती १९५२ साली त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आली आणि घरोघर पोचली. तिच्यातील आईपणाचे सत्य वेगळ्या जातीचे आहे, आणि त्याला धक्का लागत नाही. पण विहिरीवरच्या बाभळीखाली तासभर बसणाऱ्या मुलाला दिसेल की डोके पिवळे झालेला नर चोचीत पात्याची फीत घेऊन येतो आणि विणकाम त्याचे चालते. मादी येते, अर्धवट खोपा पाहते, पसंत पडला तर राहते, नाही तर निघून जाते. एक नर असे एकाहून अधिक खोपे बांधतो आणि एकाहून अधिक संसार मांडतो. भाषेने दिलेले नाव आणि डोळ्यांनी दिलेली साक्ष यांत अंतर असू शकते, हा विज्ञानाचा पहिला धडा आहे. तो खानदेशात जुलै ते सप्टेंबर ह्या काळात कोणत्याही विहिरीवर फुकट मिळतो.

यावर शिक्षकबंधूंचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम संपत नाही, शिष्यवृत्तीची परीक्षा डोक्यावर, उन्हाचा तडाखा, विंचू-साप यांची भीती, आणि काही विपरीत घडले तर पालक शिक्षकालाच जबाबदार धरणार. हे आक्षेप खोटे नाहीत, आणि ‘इच्छा असेल तर मार्ग सापडतो’ अशा कोरड्या उपदेशाने ते सुटतही नाहीत. म्हणून आम्ही दूरच्या सहलीचा आग्रह धरीत नाही. खानदेशात बाहेर पडण्याचा काळ मृगापासून होळीपर्यंतचा आणि वेळ सकाळची. साठ मुलांच्या सहा टोळ्या कराव्यात आणि एका आठवड्यास एकच टोळी शाळेच्या आवारातील किंवा लगतच्या बांधावरील एका झाडाखाली अर्धा तास बसवावी. प्रत्येक मुलाने वर्षभर एकच झाड धरावे. पाने कधी गळली, पालवी कधी फुटली, फूल केव्हा आले, कोणते पक्षी बसले, मुंग्या कोणत्या बाजूने चढल्या, हे तारखेनिशी लिहावे. पायांत जोडा असावा, बिळात हात घालू नये, खोपा काढू नये, पोळ्याला दगड मारू नये, हे चार नियम पाळले की धोका शाळेच्या जिन्यापेक्षा अधिक उरत नाही.

अभ्यासक्रम मागे पडेल ही भीतीही तपासून पाहावी. मृगाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीवर मखमलीसारखा लाल मृगाचा किडा निघतो. त्याचे पाय मोजावयास सांगावे. ते आठ भरतात! कीटकाला पाय सहा असतात, हे पुस्तकात आहे. म्हणजे हा ‘किडा’ किडा नव्हे, कोळ्याच्या नात्यातला प्राणी आहे. संधिपाद प्राण्यांचे वर्गीकरण ज्या मुलाने अशा रीतीने एकदा केले, त्याला ते परीक्षेत आठवावे लागत नाही. धुळे-नंदुरबारच्या माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्या भेगांत थिजलेला तो खडक आहे. चोपडे तालुक्यात उनपदेवाला जमिनीतून ऊन पाणी येते. अग्निजन्य खडक आणि भूगर्भातील उष्णता यांचे धडे शिकविताना मुलांनी ह्या भिंतींवर हात ठेवलेला असेल आणि त्या पाण्याला स्पर्श केलेला असेल, तर शिक्षकाचे अर्धे काम झालेले असते.

राहता राहिली मुलांच्या ओढीची गोष्ट. आजच्या मुलाला पडद्यावर जगातील सर्व प्राणी दिसतात. त्याला बांधावर बसून काय मिळणार, असे काही जण विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे: पडद्यावर त्याला दुसऱ्याने आधी पाहून ठेवलेले दिसते. बांधावर त्याला जे दिसेल ते कदाचित कोणी लिहून ठेवलेले नसेल. डेव्हिडसनची यादी ही एका मुलकी अधिकाऱ्याने कामाच्या फेऱ्यांत केलेली टिपणे होती, आणि शंभराहून अधिक वर्षांनी तीच टिपणे एका हरवलेल्या पक्ष्याचा पत्ता ठरली. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या एखाद्या मुलीची वही उद्या कोणाच्या उपयोगी पडेल, हे आज कोणालाच सांगता यायचे नाही.

म्हणून आमची विनंती लहानशीच आहे. जूनमध्ये शाळा उघडतील. ह्या सभेस आलेल्या प्रत्येक शिक्षकाने सहावीच्या वर्गासाठी शाळेजवळचे एक झाड ठरवावे, आणि प्रत्येक पालकाने मुलाला एक कोरी वही द्यावी. वहीच्या पहिल्या पानावर झाडाचे नाव आणि तारीख घालावी. नाव ठाऊक नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा गुरे राखणाऱ्या पोराला विचारावे. तो त्या दिवसापुरता त्या मुलाचा गुरुजी होईल, आणि ते त्या दोघांनाही हिताचे आहे.